फुलोरा कोणत्या कोर्टाच्या हद्दीत?

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी अर्धा तास घसा फोडून लवादाचा निवाडा तुला समजावत होते आणि शेवटी तू विचारलंस, "निवडुंग लावलास? कुठे?" म्हणून पत्र. तुझे कान गेले तरी डोळे आणि डोकं शाबूत आहे, असं मामी म्हणते. डोक्याबद्दल ती थोडं अडखळून म्हणते, पण म्हणते.

धाकट्याचं आणि माझं काय चाललंय ते तुला उडत उडत कळलं असेल. आता सरळ सांगते. बाबांच्या मधमाश्यांच्या तीसेक पेट्या होत्या. साध्या माश्या नव्हेत, बाबांनी सगळी उमेदीची वर्षं घालून, निवडून निवडून वाढवलेल्या शांत माश्या. पेटीचं झाकण काढलं तरी अंगावर येत नाहीत, आपलं काम करत राहतात. बाबा गेले तेव्हा सगळ्या पेट्या धाकट्याकडे होत्या, कारण ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागून फिरायचं काम तो करायचा. मी म्हटलं, मलाही हव्यात. त्याने काही म्हटलं नाही. तुझा भाचा मुखस्तंभ आहे, हे तुला माहीत आहेच. मग मधपाळ संघाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना आम्ही दोघांनी लवाद नेमलं, ते सांगतील ते मान्य, असं लिहून सह्या केल्या. त्यांनी निवाडा दिला की राण्यांसकट चार पेट्या बहिणीला द्याव्यात. बास. त्याला वर्ष व्हायला आलं आणि एकही पेटी माझ्या दारात आलेली नाही.

मला त्या हौसेसाठी नकोत, मामा. अंध प्रौढांच्या प्रशिक्षण केंद्रात मी मधमाशीपालन शिकवते. माझे विद्यार्थी हातमोजे घालत नाहीत. हातमोजे घातले तर त्यांना दिसायचं बंद होतं, हे त्यांचेच शब्द. चौकटीवरून बोटं फिरवून त्यांना कळतं, मध कुठे, अंडी कुठे, राणी कुठून गेली. पण मी बाजारातून आणलेल्या माश्या म्हणजे नाकावर राग! गेल्या महिन्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची बोटं अशी सुजली की त्यांना आठवडाभर ब्रेल वाचता आलं नाही. केंद्राच्या संचालिकांनी बजावलंय की मेपर्यंत शांत माश्या आणा, नाहीतर वर्ग बंद.

तर प्रश्न एकच. निवाडा माझ्या हातात आहे. तो घेऊन मी कोणत्या कोर्टात जाऊ?

तुझी,
भाची

९ फेब्रुवारी

चि. गांधीलमाशीस,

अनेक आशीर्वाद. (तू लहानपणापासून गांधीलमाशी आहेस. मधमाशी तुझा भाऊ.)

वकिली सोडल्यापासून मला लोक फक्त "जेवलात का" आणि "गोळी घेतलीत का" एवढंच विचारतात. तुझा प्रश्न आला आणि मी दुपारची झोप उडवून बसलो. तुझी मामी म्हणाली, भाच्यांची भांडणं आणि यांना आनंदाच्या उकळ्या! खरं आहे. मला कोडं दिसलं की माणसं जरा धूसर होतात. तेवढं सांभाळून घे.

आता नीट वाच. लवादाच्या निवाड्याबाबत दोन वेगळी दारं असतात आणि लोक नेहमी एकाच दारावर गर्दी करतात. पहिलं दार, निवाडा चुकीचा आहे, तो रद्द करा, असं म्हणायचं. ते दार एकाच ठिकाणी, लवादाची जागा जी ठरली असेल तिथल्या कोर्टात. आणि त्याला मुदत असते. दुसरं दार, निवाडा बरोबर आहे, आता तो अमलात आणा, असं म्हणायचं. हे दार एका ठिकाणी नाही. समोरचा माणूस जिथे राहतो किंवा द्यायची वस्तू जिथे आहे, त्या हद्दीतल्या कोर्टात तू बजावणीची दरखास्त देऊ शकतेस. पूर्वी काही वकील सांगायचे की आधी लवादाच्या जागेच्या कोर्टात जा, तिथून कागद बदली करून घ्या, मग पुढे जा. तसा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही. सरळ जिथे वस्तू तिथे जा. कारण साधं आहे. न्यायाधीश कितीही मोठा असला तरी त्याचा बेलीफ हद्दीबाहेरच्या पेटीला हात लावू शकत नाही.

म्हणून मला तीन गोष्टी कळव. लवाद बसला कुठे? धाकटा राहतो कुठे? पेट्या आहेत कुठे? निवाड्याची प्रतही पाठव.

आणि एक शंका, जी कायद्याची आहे की माझी, ते मला ठाऊक नाही. पेटी एका कोर्टाच्या हद्दीत ठेवली आणि माश्या दुसऱ्या हद्दीत चरायला गेल्या, तर? किती लांब जातात त्या?

तुझा,
बहिरा मामा

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तीन एक किलोमीटर जातात, फारच झालं तर थोडं पुढे. पण लांब गेल्या की आणलेल्या मधापेक्षा उडण्यातच जास्त खर्च होतो. म्हणून तर पेट्या फुलांजवळ न्याव्या लागतात. त्या संध्याकाळी परत येतात, तेव्हा हद्दीचा प्रश्न दिवसापुरताच आहे असं समज.

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं वाचून तू हसशील.

लवाद बसला हमरस्त्यावरच्या वजनकाट्याच्या खोलीत. जिथे ट्रक तोलतात तिथे. कारण मी त्याच्या गावात पाऊल टाकणार नव्हते आणि तो माझ्या गावात यायला तयार नव्हता. काटा बरोबर मध्ये आहे. बिचारे अध्यक्ष खुर्चीत आणि आम्ही दोघं दोन टोकांना, मध्ये ट्रकवाले पावत्या घेऊन आत-बाहेर. एक ट्रकवाला तर म्हणाला, "काका, यांचं वजन झालं का?"

धाकटा राहतो कुठे? गावातल्या घराला बाराही महिने कुलूप. तो पेट्यांशेजारी तंबूत झोपतो.

पेट्या कुठे? आता हे ऐक. मी तुझं पत्र वाचलं आणि धीर धरला नाही. पेट्या मोहरीत आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथल्याच कोर्टात दरखास्त दिली. नशिबाने आठवड्याच्या आतच तारीख पडली, नोटीस निघाली, हुकूम झाला, बेलीफ मला घेऊन शेतात गेला. तिथे काय होतं? ओळीने चौकोन. पेट्यांखालचं पिवळं पडलेलं गवत, बाकी काही नाही. मोहरी संपली होती, तो गेला होता. बेलिफाने कागदावर लिहिलं, "वस्तू मिळाली नाही," आणि मला विचारलं, "ताई, पुढच्या हद्दीत गेल्या का?" मी रागाने लाल झाले. हा मुद्दाम पळतोय, मामा. कोर्टाची चाहूल लागली की ट्रक भरतो.

निवाड्याची प्रत सोबत आहे.

तुझी,
गांधील

२६ फेब्रुवारी

चि. गांधीलमाशीस,

ते चौकोन माझ्या डोक्यातून जात नाहीत. चाळीस वर्षांच्या वकिलीत मी बुडालेल्या नावा पाहिल्या, गायब झालेली यंत्रं पाहिली, एका अशिलाची भिंतसुद्धा चोरीला गेली होती. पण फुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे एका न्यायाधीशाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहतोय.

मात्र एक सांगू? तो पळतोय असं मला अजून सिद्ध झालेलं दिसत नाही. मोहरी संपली म्हणून गेला असेल. हे वकील म्हणून म्हणतो, मामा म्हणून नव्हे. मामा म्हणून मी कोणाच्याच बाजूचा नाही, तुम्ही दोघंही माझ्या बहिणीची पोरं आहात.

आता युक्ती ऐक. वस्तू ज्या हद्दीत आहे तिथे जायचं, हा नियम. पण आपण नेहमी पेट्यांच्या मागे धावतो. तू मधपाळाची मुलगी आहेस, फुलं कधी कुठे फुलतात हे तुला पाठ आहे. तर पेट्यांच्या आधी पोच! पुढे तो कुठे जाणार ते काढ, पेट्या तिथे टेकल्या की दुसऱ्याच दिवशी तिथल्या कोर्टात दरखास्त दे. आणि दरखास्तीबरोबर एक तातडीचा अर्ज दे: सुनावणी होईपर्यंत पेट्या या कोर्टाच्या हद्दीबाहेर नेऊ नयेत. हद्दीबाहेर, हा शब्द लक्षात ठेव. म्हणजे कोर्टाचा हात पोचत राहील.

आता दोन प्रश्न. पहिला, निवाड्यात "बहिणीला द्याव्यात" एवढंच आहे. कुठे द्याव्यात ते लिहिलेलं नाही. त्याने तुझ्या दारात आणून द्यायच्या, की तू जाऊन उचलायच्या? दुसरा, पुढचा फुलोरा कसला आणि तो टिकतो किती? कारण कोर्टाचा वेग तुला माहीत आहे.

शहाणपणाचं एक फुकट वाक्य: एकदा स्वतः जाऊन बघ. कोर्टफी लागत नाही.

मामा

१९ मार्च

प्रिय मामा,

झालं! पुढचं ठिकाण सूर्यफुलाचं, नदीच्या अलीकडचं. मी आधीच जाऊन तिथल्या वकीलबाईंना भेटून आले. पेट्या उतरल्याचं कळलं तशी दरखास्त दाखल केली, सोबत अर्ज. न्यायाधीशांनी तो वाचला, मागच्या बेलिफाचा "वस्तू मिळाली नाही" असा शेराही वाचला, आणि त्याच दिवशी हुकूम दिला. आता हलवून दाखव म्हणावं!

कोर्टाची ती इमारत छान आहे बरं का. एका खोलीत दोन कोर्टं, मध्ये कपाटांची भिंत. पलीकडे कोणाच्या तरी म्हशीचा दावा चालला होता. आमचे न्यायाधीश मला म्हणाले, "तुमच्याकडे निदान वस्तू हंबरत तरी नाही." मी म्हटलं, गुणगुणते. तुझी आठवण झाली.

बेलिफाने हुकूम शेतात नेऊन दिला. धाकट्याने वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, असं बेलीफ सांगत होता. सुनावणीची तारीख एप्रिलच्या मध्यावर आहे.

कुठे द्यायच्या म्हणून विचारतोस? देणाऱ्याने आणून द्यायचं असतं, मामा. घेणाऱ्याने का हात पसरून जायचं? मी स्वतः जाऊन बघ म्हणतोस. मी का जाऊ? मी मोठी आहे.

केंद्रात सगळे खूश आहेत. त्या शिवणकामवाल्या बाई विचारतात, "मॅडम, तुमच्या त्या शांत माश्या कोणत्या तारखेला?" मी सांगितलं, आता कोर्ट आपल्या बाजूने आहे.

तुझी,
जिंकत आलेली भाची

२ एप्रिल

मामा,

नमस्कार. मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. एक विचारायचं आहे. कोर्टाच्या हुकमाची प्रत सोबत जोडली आहे.

सूर्यफूल संपलं. सगळी फुलं माना टाकून उभी आहेत. कालव्याकडे निलगिरी फुलली आहे, ती याच कोर्टाच्या हद्दीत येते, मी विचारून आलो. पण इथून माश्या तिथवर पोचत नाहीत. पेट्या नेल्या तर पोचतील. हुकमात लिहिलंय, पेट्या आहेत त्या जागेवरून हलवू नयेत. साखरेचा पाक देतोय. पुरत नाही. नुसत्या पाकावर पिल्लं वाढत नाहीत.

हलवू की नको?

धाकटा

ता.क. ताईच्या चार ठीक आहेत.

५ एप्रिल

भाचीस,

हे कुरियरने पाठवतोय. आधी तुला फोन केला होता. तू काहीतरी बोललीस, मीही ओरडलो, शेजारचे धावत आले. तुला काही कळलं असेल असं वाटत नाही.

धाकट्याचं पत्र आलं आहे. तुझ्या बाजूने सल्ला दिला असल्यामुळे त्याला मी सल्ला देऊ शकत नाही, तसं त्याला कळवलं. फक्त एवढं लिहिलं की हुकूम मोडू नकोस, हुकूम बदलता येतो, आणि मी ताईला लिहितोय. त्याचं पत्र आणि हुकमाची प्रत सोबत ठेवली आहे. आधी ती वाच, मग पुढे वाच.

वाचलंस?

आता मला सांग. मी लिहिलं होतं "हद्दीबाहेर". हुकमात "जागेवरून" कसं आलं? कोर्ट सहसा अर्जात मागितलेलंच देतं. म्हणजे अर्जात "जागेवरून" लिहिलं गेलं. वकीलबाईंना फुलांतलं काय कळणार? तुला कळतं. निलगिरी त्याच हद्दीत होती. हद्दीबाहेर नेऊ नये, एवढंच असतं तर तो सरळ कालव्याकडे गेला असता आणि कोर्टाचा हातही सुटला नसता. शिवाय तुला मी विचारलं होतं, फुलोरा किती टिकतो. त्या पत्राचं उत्तर मी आज पुन्हा काढून पाहिलं. म्हशीचं होतं, कोर्टाच्या इमारतीचं होतं. याचं नव्हतं.

मी तुला रागावत नाही. मला माझाच राग येतोय. हद्द या विषयावर इतका रंगून गेलो की पेटीच्या आत पोट असलेली वस्तू आहे, हे मला सुचलंच नाही. कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्ता. जंगम मालमत्तेला भूक लागते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मला कळत नाही. तू म्हणत होतीस तो पळपुटा आहे. पळपुटा माणूस हुकूम खिशात ठेवून तीन आठवडे एका जागी का बसेल? आणि "ताईच्या चार" म्हणजे काय?

तू मागितलेला हुकूम आहे, तूच उठवायला सांगू शकतेस. साध्या पुरशिशीने, म्हणजे कोर्टाला दिलेल्या एका चिठ्ठीने काम होईल. मला उत्तर लिहीत बसू नकोस. नीघ.

मामा

१४ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं त्याच तासाला निघाले. डिकीत मावेल तेवढी साखर भरली. वाटेत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

कोर्टात आमचे न्यायाधीश रजेवर. कारभार कपाटापलीकडच्या, म्हशीवाल्या न्यायाधीशांकडे. त्यांनी माझी पुरशीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, अर्ज तुमचा, हुकूम तुमच्या बाजूचा, आणि तोच उठवा म्हणता? समोरच्याने काही दमदाटी केली का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. माश्या मरताहेत."

"फुलं संपणार हे अर्ज करताना माहीत नव्हतं?"

वकीलबाई माझ्या वतीने काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "माहीत होतं साहेब. मला वाटलं, तो हुकूम मोडून हलवेलच. मग मला कोर्टाला सांगता येईल, बघा कसा आहे माझा भाऊ."

त्यांनी सही केली. "जा," म्हणाले. नुसतं "जा".

मामा, मीच वकीलबाईंना सांगितलं होतं, हद्दीबिद्दीचं राहू दे, जागेवरून म्हणा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम गाळलं होतं. तुला उत्तर दिलं असतं तर तू मला अडवलं असतंस, हे मला ठाऊक होतं. याची मला लाज वाटते, आणि ती कमी होईल असं काही तू लिहू नकोस.

शेतात पोचले. वाळलेली, काळी पडलेली सूर्यफुलं, सगळी खाली बघणारी. पेट्यांच्या दारांशी मेलेल्या माश्यांचे थर. कानाला सवयीचा तो आवाजच नव्हता. धाकटा वाडग्यातून पाक वाटत फिरत होता. वाळून काठी झालाय. मला पाहून त्याने वाडगं खाली ठेवलं, बस. मी एकेका पेटीला कान लावत गेले. निम्म्याहून जास्त गप्प.

मग कडेच्या झाडाखाली चार पेट्या दिसल्या. सावलीत, विटांवर, पाण्याच्या थाळीसकट. प्रत्येकीवर खडूने "ताई" लिहिलेलं. झाकण उचललं तर आत गजबज. वरच्या चौकटीत पिकलेला मध. मला कळेना, फुलं नाहीत तर मध आला कुठून? मग दिसलं, त्या चौकटी त्या पेट्यांच्या नव्हत्याच. बाबांनी एकेका पेटीच्या चौकटींना वेगवेगळी खूण केली होती. त्याने आपल्या पेट्यांतल्या भरलेल्या चौकटी काढून माझ्या चार पेट्यांत घातल्या होत्या.

मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, "तुझ्या उपाशी मारून माझ्या का पोसल्यास?"

म्हणाला, "तुझ्या आहेत ना? निवाडा झाला त्याच दिवशी वेगळ्या काढल्या. दुसऱ्याची ठेव उपाशी ठेवायची का?"

"मग आणून का दिल्या नाहीस?"

"मला वाटलं, तू न्यायला येशील. आता येईल, मग येईल. मी कुठे असतो ते तुला कळतंच. बाबा गेल्यापासून तू पेट्यांजवळ आलीच नव्हतीस."

वर्षभर, मामा. मी दारात वाट बघत होते आणि तो शेतात. मी त्याला पळपुटा म्हणत होते आणि तो फुलांमागून जात होता, जसा दरवर्षी जातो.

शेवटी विचारलं, "अरे पण हलवायच्या होत्यास ना! तू कधीपासून कोर्टाचं ऐकायला लागलास?"

त्याने खिशातून तो हुकूम काढला. घड्या पडून पडून चिंध्या झाल्या होत्या. त्याला माझ्या अर्जाची प्रत टाचलेली होती. त्याने बोट ठेवून दाखवलं. "कोर्टाचं नाही ऐकलं," म्हणाला. "खाली तुझी सही होती."

मी तिथेच, त्या मेलेल्या माश्यांत, बसले आणि रडले. तो शेजारी येऊन बसला.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी मिळून जिवंत पेट्या ट्रकमध्ये चढवल्या आणि कालव्याकडे नेल्या. त्याच्या नऊ वाचल्या, त्याही कशाबशा. निलगिरीखाली दारं उघडली तेव्हा पहिल्या काही बाहेर आल्या, फळीवर थांबल्या, आणि गेल्या. आम्ही दोघंही फळीकडे बघत बसलो होतो. त्या परत आल्या तेव्हा धाकटा इतक्या मोठ्याने हसला की मी दचकले. त्याचा आवाज मी विसरले होते.

माझ्या चार पेट्या केंद्रात आल्या आहेत. शिवणकामवाल्या बाईंनी उघड्या बोटांनी पहिली चौकट धरली. एकही डंख नाही. संचालिकांनी वर्ग चालू ठेवायचं लेखी दिलं. दरखास्त निकाली काढायचा अर्जही मी दिला. कारकुनाने विचारलं, "ताबा कोर्टामार्फत मिळाला का?" मी म्हटलं, नाही, भावाने दिला. तो म्हणाला, तसा रकाना नाही. मग मार्जिनमध्ये लिहिलं.

आता राहिलं एक. त्याच्या दुबळ्या पेट्यांना चांगल्या राण्या हव्यात, आणि बाबांच्या जातीच्या धडधाकट राण्या आता फक्त माझ्या चार पेट्यांत वाढू शकतात. तो मागणार नाही. जन्मात मागणार नाही. असा हक्क त्याला कुठल्या निवाड्याने दिलेला नाही, आणि मला कुठलं कोर्ट त्या द्यायला लावू शकत नाही. मी वाढवायला घेतल्या आहेत. तयार झाल्या की मी स्वतः नेऊन देणार आहे, तो ज्या फुलात असेल तिथे.

तू येतोस का? गाडीत पुढची जागा रिकामी आहे. तुला ऐकू येत नाही आणि तो बोलत नाही. तुमचं छान जमेल.

तुझी,
भाची